दुसऱ्या वर्षाचे दार

मे-जूनमध्ये तंत्रनिकेतनांचे निकाल लागतात. त्यानंतरचे सहा-आठ आठवडे सिव्हिल डिप्लोमा झालेल्या मुलामुलींसाठी फार मोलाचे असतात. पण आपल्या अनेक घरांत नेमके याच काळात त्यांच्याशी सगळ्यात कमी बोलले जाते. ‘झाला ना इंजिनिअर, आता कामाला लाग,’ एवढ्यावर विषय संपतो. मग कुणी मामूंच्या ठेक्यावर सुपरवायझर होतो, कुणी पासपोर्टच्या मागे लागतो. मुलगी असेल तर स्थळे पाहायला सुरुवात होते. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, हे घरात कुणी ना कुणी ऐकलेले असते. पण त्यासाठी नेमके काय करायचे, किती दिवसांत करायचे आणि ते कशासाठी करायचे, हे सांगणारे माणूस जवळ नसते. हे संपादकीय त्या आठवड्यांत असलेल्यांसाठी आहे. आज डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला असणाऱ्यांसाठी तर ते अधिकच आहे, कारण त्यांच्या हातात अजून वेळ आहे.

आधी साधा हिशेब करू. दहावी, मग बारावीची दोन वर्षे आणि पदवीची चार, असा नेहमीचा रस्ता सोळा वर्षांचा होतो. दहावी, मग डिप्लोमाची तीन वर्षे आणि थेट दुसऱ्या वर्षात गेल्यावर पदवीची उरलेली तीन, हा रस्तासुद्धा सोळा वर्षांचाच आहे. एकही वर्ष वाया जात नाही. डिप्लोमाला दहावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो आणि दुसऱ्या वर्षाला डिप्लोमाच्या गुणांवर. मधे सीईटी नाही, जेईई नाही, लाखभर रुपयांचा क्लास नाही. डिप्लोमात किमान ४५ टक्के गुण असावे लागतात, राखीव प्रवर्गासाठी ४०. चांगले कॉलेज हवे तर अर्थातच याहून बरेच जास्त लागतात. दोन्ही रस्त्यांनी आलेल्यांच्या हातात शेवटी पडणारे पदवीपत्र एकच असते.

ज्यांनी दहावीनंतर आयटीआय केले, त्यांच्यासाठीही जिना आहे. आयटीआय किंवा बारावी विज्ञान झाल्यावर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो आणि तिथून पुढे पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. एखादे वर्ष जास्त जाते, पण रस्ता बंद नाही.

मग डिप्लोमावरच थांबले तर काय बिघडते? प्रामाणिक उत्तर असे की लगेच काहीच बिघडत नाही. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला साइटवर काम मिळते आणि घरात पैसा येऊ लागतो. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कनिष्ठ अभियंता भरतीला डिप्लोमा चालतो, केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या ज्युनिअर इंजिनिअर परीक्षेलाही चालतो. या नोकऱ्या चांगल्या आहेत आणि त्यांची तयारी जरूर करावी. बिघडते ते सात-आठ वर्षांनी. एमपीएससीची अभियांत्रिकी सेवा, यूपीएससीची इंजिनिअरिंग सर्व्हिसेस, गेट आणि त्यामागून येणारे एमटेक, या सगळ्यांच्या दारावर पदवी मागतात. आखातात जायचे म्हटले तरी तेच. सौदी अरेबियात अभियंता म्हणून काम करायचे तर सौदी कौन्सिल ऑफ इंजिनिअर्सकडे नोंदणी लागते आणि डिप्लोमावाल्याची नोंद तंत्रज्ञ म्हणून होते. साइट तीच, ऊन तेच, हुद्दा आणि पगार मात्र वेगळा.

मुद्दा फक्त पगाराचाही नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाटा इथे बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली आणि ७४ माणसे मेली. त्यानंतर भिवंडीपासून मुंब्र्यापर्यंतच्या कितीतरी इमारतींबद्दल आपण काळजीने बोललो आणि मग विसरलो. पदवी मिळाली म्हणून माणूस प्रामाणिक होतो, असा माझा दावा नाही. पण ज्या मोहल्ल्यात नकाशा वाचणारा आणि हिशेब तपासणारा कुणीच नसतो, तो मोहल्ला बिल्डरला साधा प्रश्नही विचारू शकत नाही. आपल्या समाजात गवंडी आहेत, सेंटरिंगवाले आहेत, लोखंड बांधणारे आहेत, प्लंबर आहेत, ठेकेदार आहेत. कॉलमची जाडी ठरवणारे आणि त्या कागदावर सही करून जबाबदारी घेणारे त्या मानाने कमी दिसतात. डिप्लोमा आणि पदवी यांच्यातले अंतर हेच आहे.

हे अंतर कायमचे नसते, याची साक्ष पुण्यातच आहे. १८५४ मध्ये पुण्यात पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल सुरू झाले. इमारती, धरणे, कालवे, रेल्वे आणि पुलांच्या कामांसाठी सरकारला हाताखालचे अधिकारी हवे होते आणि ते तयार करणे एवढाच त्या शाळेचा हेतू होता. आजच्या भाषेत ते एक तंत्रनिकेतनच होते. तीच शाळा वाढत जाऊन आपण आज जिला सीओईपी म्हणतो ती संस्था झाली. बंगळुरूला बी.ए. करून आलेले विश्वेश्वरय्या तिथेच सिव्हिल शिकले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले आणि पुढे खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. एक संस्था ओव्हरसीअर घडवण्यापासून तिथपर्यंत जाऊ शकते, तर एक विद्यार्थीही जाऊ शकतो.

आता खरी अडचण. दार उघडे आहे, पण आत पाऊल टाकले की पहिल्याच सत्रात अनेकांना ठेच लागते आणि ती लागते गणिताची. डिप्लोमात गणित पहिल्या दोन सत्रांत असते. त्यानंतर सिव्हिलच्या विद्यार्थ्याचे गणिताचे पुस्तक बंद होते, ते दोन वर्षे उघडत नाही. या काळात तो सर्व्हे करतो, काँक्रीटचे क्यूब तोडून पाहतो, एस्टिमेट काढतो. पदवीच्या पहिल्या वर्षातले गणित वर्गातल्या बाकीच्यांनी केलेले असते, याने केलेले नसते. तो थेट दुसऱ्या वर्षात बसतो आणि समोर येते पुढचे गणित. ब्रिज कोर्स असावा असे नियम म्हणतात. काही कॉलेजांत तो मनापासून घेतात, काही ठिकाणी तो हजेरीपटापुरता असतो.

एका उदाहरणाने फरक सांगतो. दोन टोकांना टेकलेल्या बीमच्या मधोमध भार ठेवला तर बीम किती झुकेल, याचे सूत्र डिप्लोमात पाठ असते. भार गुणिले लांबीचा घन, भागिले ४८ गुणिले ई गुणिले आय. यात ई म्हणजे साहित्याचा ताठपणा आणि आय म्हणजे बीमच्या छेदाच्या आकारावरून येणारी संख्या. आकडे घातले की उत्तर येते आणि ते बरोबरच असते. पदवीच्या वर्गात सर विचारतात, ‘हे ४८ आले कुठून?’ त्याचे उत्तर विकलक समीकरणात आहे. बीमच्या वक्रतेचे समीकरण मांडायचे, दोनदा इंटिग्रेशन करायचे, दोन्ही टोके जागच्या जागी आहेत ही अट घालायची, की ते ४८ समोर उभे राहते. हे ज्याला येते, त्याला भार मधोमध नसेल तेव्हा किंवा एक टोक भिंतीत पक्के असेल तेव्हाही नवे सूत्र शोधत बसावे लागत नाही. तो ते स्वतः काढतो. त्याच सूत्रात लांबीचा घन आहे, म्हणजे भार आणि बीमचा आकार तोच ठेवून गाळा दुप्पट केला तर झुकणे आठपट होते. साइटवरचा अनुभवी मिस्त्री ‘गाळा मोठा झाला, बीम जाड लागेल’ हे बरोबर सांगतो. किती जाड, हे सांगणे अभियंत्याचे काम आहे.

म्हणून ज्यांना पुढे जायचे आहे त्यांनी पाचव्या-सहाव्या सत्रातच रोज तासभर गणिताला द्यावा. विषय फार नाहीत. डिफरन्सिएशन आणि इंटिग्रेशन हात बसेपर्यंत, मग पार्शल डिफरन्सिएशन, मॅट्रिक्स, कॉम्प्लेक्स नंबर आणि पहिल्या व दुसऱ्या श्रेणीची विकलक समीकरणे. आपल्या विद्यापीठाचे पहिल्या वर्षाचे गणिताचे जुने पेपर मिळवावेत आणि तेच सोडवावेत. निकालानंतरच्या आठवड्यांत हा तासभर चार तासांचा करावा. जे या तयारीने जातात ते लवकर सावरतात, आणि मग त्यांचे डिप्लोमाचे शिक्षण त्यांना इतरांच्या पुढे नेते. थिओडोलाइट कसा लावायचा हे बारावीहून आलेल्या मुलाला तिथे पहिल्यांदा कळते, तुमचा हात तीन वर्षे त्यावर फिरलेला असतो. वर्गात कुणी ‘डिप्लोमावाला’ म्हणून हसले तर सर्व्हेच्या प्रॅक्टिकलपर्यंत वाट पाहा.

अमेरिकेतही असाच जोडरस्ता आहे आणि त्याच्याशी तुलना केली की आपली दुखरी जागा जास्त स्पष्ट दिसते. तिथे त्याला कम्युनिटी कॉलेज म्हणतात. कॅलिफोर्नियाने १९६० मध्ये उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन केला. विद्यापीठांचे प्रवेश वरच्या गुणांच्या विद्यार्थ्यांना, पण कम्युनिटी कॉलेज सगळ्यांना खुले, आणि तिथे दोन वर्षे नीट शिकलेल्याला पुढे विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जागा, अशी ती रचना होती. सिव्हिलला जाऊ पाहणारा विद्यार्थी तिथे कॅल्क्युलस, लिनिअर अल्जिब्रा, विकलक समीकरणे, फिजिक्स आणि स्टॅटिक्स हे सगळे घराजवळच्या स्वस्त कॉलेजातच पूर्ण करतो. कुठल्या कॉलेजचा कुठला विषय कुठल्या विद्यापीठात धरला जाईल, हे ॲसिस्ट नावाच्या सरकारी संकेतस्थळावर आधीच पाहता येते. म्हणजे तिथे गणित आधी आणि साइटचे तंत्र नंतर. आपल्याकडे तंत्र आधी आणि गणित नंतर, तेही चालत्या गाडीत चढून.

तिथले सगळे छान आहे असे समजू नये. विद्यापीठात जायचे म्हणून कम्युनिटी कॉलेजात नाव घातलेले अनेक जण तिथपर्यंत पोहोचतच नाहीत. चुकीचे विषय घेतले जातात, केलेले विषय पुढे धरले जात नाहीत, मधेच नोकरी लागते. आपल्याकडे तो धोका कमी आहे, कारण तीन वर्षांचा डिप्लोमा एकगठ्ठा मान्य होतो. आपण त्यांच्याकडून एवढेच उचलावे की पुढे काय लागणार आहे हे पहिल्याच वर्षी पाहून ठेवायचे.

गणिताइतकीच दुसरी ठेच कागदांची आहे. थेट दुसऱ्या वर्षाचे प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षाकडून केंद्रीय प्रवेश प्रक्रियेने, म्हणजे कॅपने होतात. नोंदणी, कागदपत्रांची तपासणी, गुणवत्ता यादी, पसंतीक्रम आणि मग फेऱ्या. प्रत्येक पायरीला तारीख असते आणि ती तारीख कुणासाठी थांबत नाही. आपल्या मुलांची गाडी इथे दोन कारणांनी अडते. पहिले कारण नावाचे. दाखल्यावर ‘मोहम्मद’, आधारवर ‘मो.’, गुणपत्रिकेवर ‘महंमद’. एका कागदावर शेख पुढे, दुसऱ्यावर मागे. ही दुरुस्ती जुलैमध्ये रांगेत उभे राहून होत नाही, ती आदल्या वर्षीच करून घ्यावी लागते.

दुसरे कारण जातीच्या दाखल्याचे. तांबोळी, बागवान, अत्तार, पिंजारी, मोमीन, मणियार असे अनेक मुस्लिम समाज राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. छप्परबंद विमुक्त जातींच्या यादीत आहेत. पण शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते ‘मुस्लिम’ लिहिलेले असते. ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, म्हणजे आजोबांच्या शाळेचे रजिस्टर, जुना जन्म-मृत्यू उतारा किंवा खरेदीखत शोधावे लागते. त्यानंतर पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमीलेअर. हे सगळे व्हायला महिने लागतात. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षीच कामाला लागलात तर ते वेळेत हाती येते. जे यादीत नाहीत त्यांनी उत्पन्नाच्या दाखल्यावर ईडब्ल्यूएसचा विचार करावा.

पैशाचे बोलू. कराड, अमरावती, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालये किंवा सांगलीचे वालचंद इथे खासगी कॉलेजांच्या तुलनेत शुल्क बरेच कमी आहे, आणि डिप्लोमाला चांगले गुण असतील तर पसंतीक्रमात ती वर असावीत. भायखळ्याचे साबू सिद्दीक, पनवेलचे काळसेकर कॅम्पस, नागपूरचे अंजुमन, मालेगावचे मन्सूरा कॅम्पस अशी अल्पसंख्याक दर्जाची महाविद्यालयेही आहेत. महाडीबीटीवर राज्याच्या शिष्यवृत्त्या आहेत, मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचे शैक्षणिक कर्ज आहे. मुलींच्या घरच्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. २०२४-२५ पासून कॅपमधून व्यावसायिक पदवीला प्रवेश घेणाऱ्या ईडब्ल्यूएस, ओबीसी आणि एसईबीसी प्रवर्गातल्या मुलींचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार पूर्ण भरते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवे. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर ही सवलत नाही. ‘मुलीला एवढी फी कशाला’ हे वाक्य त्यामुळे आता जुने झाले. उरतो राहण्याचा प्रश्न. तो खरा आहे, आणि त्यासाठी वसतिगृहाची चौकशी प्रवेशाच्या आधी करावी, नंतर नाही.

घरची कमाई थांबवता येत नाही, अशीही कितीतरी मुले आहेत. त्यांना ‘कसेही करून शिका’ असे सांगणे सोपे आहे, पण त्याने चूल पेटत नाही. त्यांनी दोन वर्षे साइटवर काम करून मग अर्ज केला तरी चालते, डिप्लोमा शिळा होत नाही. २०२३-२४ पासून एआयसीटीईने नोकरी करणाऱ्या डिप्लोमाधारकांसाठी काही महाविद्यालयांत सोयीच्या वेळेच्या पदवी तुकड्यांनाही परवानगी दिली आहे. आपल्या जिल्ह्यात ती आहे का, हे विचारावे.

एका फसव्या दारापासून मात्र लांब राहा. ‘कॉलेजला न जाता बीटेक’ अशी जाहिरात दिसली की पाठ फिरवा. एआयसीटीईच्या मान्यतेविना दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला होता आणि नोव्हेंबर २०१७ च्या निकालाने तशा पदवीधरांची मोठी पंचाईत झाली. नोकरीत असलेल्यांच्या पदव्यासुद्धा अडकल्या. आखाताचा विचार असेल तर कॉलेजच्या त्या शाखेला एनबीए मानांकन आहे का, तेही पाहा. २०१८ मध्ये कुवेतमध्ये याच मुद्द्यावर अनेक भारतीय अभियंत्यांचे परवाने अडले होते.

शेवटचा प्रश्न शाखेचा. कोणत्याही शाखेच्या डिप्लोमावरून पदवीच्या दुसऱ्या शाखेत जाता येते, त्यामुळे सिव्हिल झालेली बरीच मुले पदवीला कॉम्प्युटर मागतात. मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून हे बोलण्याचा थोडा हक्क घेतो. कोडिंगची खरीच ओढ असेल तर जरूर या. पण केवळ शेजारचा मुलगा आयटीत आहे म्हणून तीन वर्षांचा सर्व्हे, काँक्रीट आणि हायड्रॉलिक्स टाकून देऊ नका. कॉम्प्युटरच्या रांगेत तुम्ही शेवटचे असाल, सिव्हिलच्या वर्गात तीन वर्षे पुढे. शिवाय सगळे तिकडे धावत असल्याने सिव्हिलच्या जागा रिकाम्या राहतात, म्हणजे चांगले कॉलेज मिळण्याची शक्यता वाढते. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आणि २१.८ किलोमीटरचा अटल सेतू आपल्या डोळ्यांसमोर बांधून झाले. आणि आपल्या गल्लीतले गटार दर पावसाळ्यात का तुंबते, याचे उत्तरही सिव्हिल इंजिनिअरलाच द्यायचे आहे.

आपल्या मंडळांनी, अभ्यासिकांनी आणि मशिदीच्या कमिट्यांनी यात करण्यासारखे काम थोडे आणि स्वस्त आहे. दहावीच्या गुणवंतांचा सत्कार आपण दरवर्षी करतो. त्याच उत्साहाने जूनमध्ये डिप्लोमा झालेल्यांची एक यादी करावी. एका खोलीत, एका फळ्यावर, सहा आठवडे गणित शिकवणारा एक पदवीधर बसवावा. एका टेबलावर दाखले आणि नावे तपासणारा कुणीतरी असावा. पहिल्या हप्त्याची फी अडली असेल तर ती उचलावी. एवढे केले तरी दरवर्षी काही मुलेमुली साइटवरच्या त्या कागदापर्यंत पोहोचतील, ज्यावर आज बहुधा दुसऱ्याच कुणाची सही असते.

आणि तुम्ही स्वतः आज डिप्लोमाच्या वर्गात असाल तर कुणाची वाट पाहू नका. आज संध्याकाळी ते ४८ कुठून आले ते काढून पाहा. एक वही आणि दोन तास पुरतील.